शंभर अधिक वय? हा हिशेब सोडा

‘साठीला वरचं बीपी १६० म्हणजे वयाच्या मानाने ठीकच,’ असं आजही घरोघरी ऐकू येतं. शंभरात वय मिळवायचं आणि येईल तो आकडा नॉर्मल समजायचा, हा जुना हिशेब. तो घातक आहे.

वयाप्रमाणे रक्तदाब बदलतो, हे खरं. नवजात बाळाचा वरचा दाब साधारण ७०च्या आसपास असतो. लहान मुलांचा दाब वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे पाहून तक्त्यावर ताडून बघतात. मोठेपणी मात्र १२०/८०च्या आतला दाब उत्तम, मग वय तिशीचं असो वा सत्तरीचं. गर्भारपणात मधल्या महिन्यांत दाब उलट थोडा उतरतो. म्हणून विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

मग उतारवयात दाब का चढतो? हृदयातून रक्त उसळून येतं तेव्हा तरुण महाधमनी फुगते, थोडं रक्त सामावून घेते आणि हृदय विसावलं की आकसून ते पुढे ढकलते. त्यामुळे वरचा दाब आटोक्यात राहतो, खालचा टिकतो. वर्षांगणिक तिच्या भिंतीतले लवचिक तंतू झिजतात आणि ती जुन्या रबरासारखी ताठरते. वरचा आकडा चढत जातो. खालचा पन्नाशी-साठीनंतर चक्क उतरू लागतो. १६५/७५ पाहून ‘खालचं तर नॉर्मल आहे’ असं समाधान मानणारी कुटुंबं इथेच फसतात.

साठीपुढच्या अशाच रुग्णांवरच्या अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये आले: औषधाने पक्षाघाताचं प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं. २००८ मध्ये ऐंशी ओलांडलेल्यांनाही उपचारांचा फायदा दिसला.

आणि वयाबरोबरची दाबाची ही चढण अटळही नाही. ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक जवळजवळ मीठ खात नाहीत. १९८८च्या इंटरसॉल्ट अभ्यासात त्यांचा सरासरी दाब ९६/६१च्या आसपास भरला, आणि तो वयाबरोबर वाढतही नव्हता. लोणचं-पापड रोज पानात घेणाऱ्या आपण हे ध्यानात ठेवायला हवं.

घरातल्या वडीलधाऱ्यांचं बीपी या आठवड्यात मोजा. पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, दंड हृदयाच्या पातळीवर, बोलणं बंद. घरी वरचा आकडा वारंवार १३५ किंवा खालचा ८५च्या पुढे गेला, तर वयाकडे बोट न दाखवता डॉक्टरांकडे घेऊन जा. उभं राहताना चक्कर येत असेल तर तेही सांगा. औषधाची मात्रा ठरवताना त्याचा विचार करावाच लागतो.