खाजगीपणाचा अधिकार आणि ग्रामपंचायतीचा सूचनाफलक

शासनाचा कारभार उघडा असावा आणि नागरिकाचे खाजगी जीवन सुरक्षित असावे, ही दोन्ही तत्त्वे लोकशाहीत सारखीच महत्त्वाची आहेत. इंटरनेटच्या युगात त्यांची सांगड घालण्याची जबाबदारी थेट गावपातळीवर येऊन पोहोचली आहे.

कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधार योजनेस आव्हान दिले होते. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. हा अधिकार अनिर्बंध नाही. मात्र त्यावर मर्यादा घालावयाची तर तीस कायद्याचा आधार व रास्त हेतू हवा, आणि ती हेतूच्या प्रमाणातच असावयास हवी.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील प्रसिद्ध करावयाचा असतो. उलट, आधार अधिनियम, २०१६ च्या कलम २९ अन्वये, विनियमांत नमूद केलेली प्रयोजने वगळता, आधार क्रमांक जाहीर करण्यास मनाई आहे. म्हणून अशा यादीत लाभार्थ्याचे नाव व मंजूर रक्कम अवश्य असावी. आधार क्रमांक असता कामा नये. बँक खात्याच्या क्रमांकाबाबतही हीच दक्षता घेणे इष्ट. फलकावरील कागद काढून घेता येतो, पण मोबाइलवरून पसरलेले त्याचे छायाचित्र परत घेता येत नाही.

खाजगीपणाच्या नावाखाली यादीच दडवून ठेवणे मात्र तितकेच गैर होय. तसे झाल्यास ग्रामसभेने प्रश्न तरी कशाच्या आधारे विचारावेत?