कृष्णाकाठचा प्रश्न : 'तुम्ही कुणापैकी?'

आपल्या भागात नवा माणूस सोप्यात येऊन बसला की चहाच्या आधी एक प्रश्न येतो. 'तुम्ही कुणापैकी?' शेजारच्या कन्नड घरात तोच प्रश्न 'यार पैकी?' असा विचारतात. 'पैकी' हा शब्द दोन्ही भाषांनी सख्ख्या बहिणींसारखा वाटून घेतला आहे. त्याचे उत्तर द्यायला माझ्या सासूबाईंना वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बडोद्याहून कृष्णेच्या खोऱ्यापर्यंत यावे लागले. त्या प्रवासाची ही हकिकत.

माझे माहेर रायबाग तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. वडील मराठी, आई कन्नड. आईची आई नदीला 'होळी' म्हणायची आणि शिमग्याच्या होळीशी त्याचा काही संबंध नाही, हे मला शाळेत गेल्यावर कळले. अशा घरातून लग्न होऊन मी गेले थेट बडोद्याला, घडियाळी पोळीत. पत्ता ऐकून माझ्या मैत्रिणी हसल्या होत्या. 'पोळी पुरणाची का गं?' तिकडे पोळ म्हणजे वेशीच्या आतली जुनी वस्ती. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लावून उभी घरे, खाली दुकाने आणि वर माणसे. मांडवीचा चौक चार पावलांवर. पोळीत अंबामातेचे देऊळ आहे. नवरात्रात सगळ्या गुजरातभर बायका गरबा खेळतात, पण या देवळापुढे तो पुरुषांनी खेळायची जुनी रीत आहे. पहिल्या वर्षी मी खिडकीतून बघतच राहिले होते.

आम्ही मूळचे वाईचे

अठराव्या शतकात पिलाजीराव आणि दमाजीराव गायकवाडांनी गुजरातेत पाय रोवले. त्यांच्यामागोमाग सातारा, पुणे, कोकण इकडून शिलेदार, कारकून, भिक्षुक अशी कितीतरी मराठी घराणी बडोद्याला जाऊन राहिली. आमचे सासर त्यातलेच एक. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई प्रांतात गेले आणि १९६० साली गुजरातेत. आपल्याकडे १९५६ साली जे झाले तसेच काहीसे तिकडेही झाले. माणसे आपापल्या ओट्यावर बसून राहिली, राज्याचे नाव तेवढे बदलले.

सासूबाईंची मराठी गुजरातीत मुरलेली. झोपाळ्याला हिंचका म्हणणार, दाराला बारणं. माझी मराठी बेळगावकडची. पहिल्याच आठवड्यात मी 'आई, मी भाजी आणायला जातो' म्हणाले आणि त्या पोट धरून हसल्या. 'अगं, तू पुरुष आहेस का?' आपल्याकडे बायकाही 'येतो, जातो' म्हणतात, हे त्यांना पटवायला मला वर्ष लागले. पण त्या हसत असल्या तरी त्यांच्या बोलण्यालाही मुंबई-पुण्याचे पाहुणे हसत. तेव्हा त्या ताठ बसून म्हणत, 'आम्ही मूळचे वाईचे.' हे वाक्य त्यांनी आपल्या सासऱ्यांकडून ऐकलेले. सासऱ्यांनी त्यांच्या आजोबांकडून. वाई मात्र त्यांच्यापैकी कुणीच पाहिलेली नव्हती.

पाच वर्षांपूर्वी पोळीतले घर विकायचे ठरू लागले. दीर-चुलतदीर मिळून चार वाटणीदार. सगळे नव्या वस्तीत राहायला गेलेले. बाजारपेठेतली जागा असल्यामुळे गोदामासाठी गिऱ्हाईकही तयार. आम्हाला वाटले, आई अडून बसतील. त्या शांतपणे म्हणाल्या, 'विका. आपलं खरं घर वाईला. हे काय, नोकरीसाठी आलेल्यांचं बिऱ्हाड.' आणि थोड्या वेळाने, 'पण सही करण्याआधी मला एकदा वाई दाखवा.'

खंबाटकीच्या पलीकडे

पुढच्या जानेवारीत मी त्यांना घेऊन निघाले. रात्रीच्या गाडीने पुणे आणि तिथून भाड्याची मोटार. खंबाटकीचा घाट चढून उतरलो आणि सुरूरपाशी मोठा रस्ता सोडला. तेव्हा त्या रस्त्याच्या कडेला जुने वड होते. पुढे उसाचे फड, हळदीची शेते आणि समोर पांडवगडाचा डोंगर. सासूबाई काच खाली करून बसल्या होत्या. सपाट मुलखात जन्म गेलेला. इतके डोंगर एकदम त्यांनी पाहिले नव्हते.

(बेळगावहून येणाऱ्यांनी साताऱ्याच्या पुढे पाचवड फाट्याला वळावे. साताऱ्यापासून वाई साधारण ३५ किलोमीटर आहे.)

वाईत शिरल्यावर आधी ढोल्या गणपती. सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधलेले हे देऊळ अगदी नदीला लागून आहे. आतली मूर्ती एवढी मोठी की नाव 'ढोल्या' का पडले हे सांगावे लागत नाही. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची टोकदार केली आहे. पुराचे पाणी तिच्यावर आदळून दोन्ही अंगांनी फुटून जावे म्हणून. महापूर बघितलेल्या आपल्या लोकांना त्या गवंड्याची हुशारी चटकन कळेल. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्याच लेक.

वाईला पेठांपेक्षा आळ्या आणि घाट महत्त्वाचे. गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, धर्मपुरी, रामडोह. प्रत्येक आळीचा आपला घाट, आणि थंडीच्या दिवसांत प्रत्येक घाटावर कृष्णाबाईचा उत्सव. अफजलखान चालून आला तेव्हा केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला असे इथले लोक सांगतात. हा खान विजापूर दरबाराकडून वाईचाच सुभेदार होता. म्हणजे वाईचा कारभार एके काळी विजापुराहून चालत असे. आज आपण जिल्हे आणि राज्ये मोजतो, पण या खोऱ्याची ये-जा फार जुनी आहे.

इथेच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोश्यांनी मराठी विश्वकोशाचे काम उभे केले. एवढ्याशा गावातून सगळ्या जगाची माहिती मराठीत छापली गेली. सासूबाईंनी ते ऐकून मान हलवली, जणू त्यातही आपला वाटा आहे.

घाटावरची आजी

मग आम्ही घर शोधायला लागलो. आमच्याकडे फक्त आडनाव आणि 'घाटाजवळ, पिंपळाच्या पारापाशी' एवढीच खूण. पिंपळाचे पार वाईत बरेच. दोन आळ्या फिरलो. एका भिक्षुकांनी आपुलकीने विचारपूस केली, पाणी दिले, पण 'या आडनावाचे आता कुणी नाही' म्हणाले. जुन्या वाड्यांच्या जागी इमारती झालेल्या. एका ठिकाणी फक्त चिरेबंदी जोते उरले होते. सासूबाई त्याच्याकडे बराच वेळ बघत होत्या. ते आमचे असेलच असे म्हणायला काही आधार नव्हता.

थकून घाटाच्या पायरीवर बसलो. शेजारी एक आजी उन्हाला बसलेल्या. त्यांनी विचारले, 'कुणापैकी तुमी?'

सासूबाईंनी आडनाव सांगितले, सात पिढ्यांची कथा सांगितली. आजींनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, 'आसतील बाई. पर तुमचं बोलनं गुजरातकडचं वाटतंय.'

तेवढ्यात मी उठून म्हणाले, 'आई, मी गाडी कुठं लावलीय बघून येतो.' आजी हसल्या. 'ही मातर बेळगाव-निपानीकडची दिसतीया. खालच्या अंगाची, पर कृष्णाकाठचीच.'

मी गाडी बघायला गेले खरी, पण मागे वळून पाहिले तेव्हा सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या. ज्या गावाच्या नावावर त्यांनी आयुष्यभर मान ताठ ठेवली, त्या गावाने त्यांना पाहुणी ठरवले होते. आणि तिथले काहीच नसलेल्या सुनेला एका वाक्यावरून आपल्यात घेतले होते. आजींचा काही दोष नव्हता. पण मला फार अपराधी वाटले.

घाटमाथ्याकडे

दुसऱ्या दिवशी त्या परत जाऊ म्हणतील असे वाटले होते. त्या म्हणाल्या, 'आलोय तर नदी पूर्ण बघू.'

आधी जवळच्या मेणवलीला गेलो. नाना फडणविसांचा वाडा, मागे अर्धचंद्राकृती घाट आणि देवळापाशी टांगलेली परदेशी घडणीची मोठी घंटा. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या चर्चमधून आणलेल्या घंटांपैकी ती एक. २००४ सालच्या 'स्वदेस' चित्रपटात हा घाट अनेकांनी पाहिला असेल. वसईची घंटा इथे महादेवापुढे किती वर्षे वाजते आहे, पण कुणी तिला मूळ गाव विचारत नाही, असे मी सहज म्हणाले. सासूबाई काही बोलल्या नाहीत.

मग पसरणीचा घाट. पसरणी हे शाहीर साबळ्यांचे गाव. मोटार वळणे घेत वर चढते तसे खोरे खाली उलगडत जाते. धोम धरणाचा निळा जलाशय, काठाला शेतांचे तुकडे, मध्ये कौलारू वाड्या. वर पाचगणी. वाईपासून अंतर बारा किलोमीटर, पण हवा एकदम वेगळी. एकोणिसाव्या शतकात जॉन चेसन या इंग्रजाने ही वस्ती वसवली. त्या काळची सिल्व्हर ओकची झाडे, जुन्या शाळा, टेबल लँडचे सपाट पठार. पारसी पॉइंटवरून सासूबाईंनी खालची नदी पाहिली आणि म्हणाल्या, 'एवढीशीच?' जानेवारीत रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीच्या टोपल्या असतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. एक टोपली घेतली. त्यांना ती आंबट लागली.

महाबळेश्वरचा बाजार इंग्रजांच्या वेळचा. माल्कम साहेबाने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून १८२९ च्या सुमारास जागा घेऊन तो वसवला. जुने क्षेत्र तिथून पाचसहा किलोमीटरवर. आपल्या गोकर्णातही महाबळेश्वर आणि इथेही महाबळेश्वर. क्षेत्रातल्या पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांचे उगम मानतात. गोमुखातून पाणी एकाच कुंडात पडते. पुढे वेण्णा कृष्णेला माहुलीला भेटते, कोयना कऱ्हाडला. सावित्री मात्र कोकणात उतरून पश्चिमेच्या समुद्राला जाते.

सासूबाईंनी ओंजळभर पाणी घेतले. बाहेर येऊन पायरीवर बसल्यावर त्या पहिल्यांदा मोकळे बोलल्या. 'वाई चांगली आहे गं. पण तिथे मला कुणी हाक मारली नाही. पोळीत शाकवालासुद्धा खालून "बा" म्हणून ओरडतो. मी उगीच त्या घराला बिऱ्हाड म्हणत आले.'

यार पैकी?

तिथून आम्ही नदीच्या सोबतीने खाली आलो. सातारा, कऱ्हाड, सांगली आणि मग माझे माहेर. पाचगणीवरून 'एवढीशीच' दिसलेली कृष्णा कुडचीच्या पुलापाशी रुंद झाली होती. सासूबाई माझ्या माहेरी पहिल्यांदाच मुक्कामाला आलेल्या. आईने जोंधळ्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी केली.

संध्याकाळी शेजारची कन्नड आज्जी बघायला आली. सोप्यात बसली, सासूबाईंना न्याहाळले आणि माझ्या आईला विचारले, 'इवरु यार पैकी?'

आई उत्तर देणार, मी मराठीत सांगणार, एवढ्यात सासूबाईच बोलल्या. 'पैकी' शब्द त्यांनी वाईच्या घाटावर ऐकलेला होता. त्या म्हणाल्या, 'बडोद्याची. घडियाळी पोळीतली.' वाईचे नाव त्यांनी काढले नाही. आज्जीला बडोदे कुठे आहे ते ठाऊक नव्हते, पण तिने समाधानाने मान हलवली आणि दोघी तंबाखूची मिसरी आणि गुडघेदुखी या विषयांवर आपापल्या भाषेत तासभर बोलत बसल्या.

परत गेल्यावर घराचा व्यवहार झालाच. चार वाटण्यांपुढे एका म्हातारीचे किती चालणार? पण सही करताना त्यांनी अट घातली की, आपण आहोत तोवर खालच्या दोन खोल्या आणि तुळस आपल्याकडे राहील. गिऱ्हाईकाने मान्य केले. वरच्या मजल्यांवर आता कापडाचे गठ्ठे आहेत. नवरात्रात सासूबाई अजून दारातल्या खुर्चीवर बसून पुरुषांचा गरबा बघतात. घर गेले याचे दुःख त्या लपवत नाहीत. 'बिऱ्हाड नव्हतं ते, घर होतं,' असे आल्यागेल्याला सांगतात, आणि मग डोळ्यांना पदर लावतात.

मला मात्र अजून कुणी विचारले की मी क्षणभर थांबते. मराठीत उत्तर द्यावे की कन्नडमध्ये, माहेर सांगावे की सासर? मग जे विचारणाऱ्याला जवळचे वाटेल ते सांगते. आपल्यापैकी बऱ्याच घरांत हेच होत असेल, नाही का?