कल्ल्यातली गाळणी, कपाटातली गाळणी

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की तासाभरात पातेल्यात पाणी सुटतं. ते वरून कुणी ओतलेलं नसतं. फोडींच्या पेशींतलं पाणीच मिठाकडे ओढलं गेलेलं असतं. मनुका पाण्यात टाकल्या की याच्या उलट होतं, त्या टम्म फुगतात. दोन्हीकडे नियम एकच : मधे पातळ पडदा असेल तर पाणी कमी खारट बाजूकडून जास्त खारट बाजूकडे जातं आणि क्षार बहुतांशी मागेच अडतात. याला परासरण म्हणतात. झाँ-आंत्वान नोले या फ्रेंच धर्मगुरूने १७४८ मध्ये डुकराच्या मूत्राशयाचा पडदा वापरून ते नोंदवलं.

घरच्या काचेच्या टाकीतला मासा हा खेळ जन्मभर खेळत असतो. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्याहून खारट असतं, म्हणून नाजूक कल्ल्यांतून पाणी सतत त्याच्या अंगात शिरत राहतं. तो पाणी जवळजवळ पीतच नाही, उलट सारखी पातळ लघवी करून ते बाहेर टाकतो आणि निसटणारे क्षार कल्ल्यांतल्या खास पेशींनी पुन्हा वेचून घेतो. समुद्रातल्या माशाचं नेमकं उलटं. त्याच्या अंगातून पाणी बाहेर ओढलं जातं, मग तो समुद्र पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे फेकतो. टाकीतल्या पाण्यात किती क्षार आहेत, यावर माशाच्या मूत्रपिंडाचं आणि कल्ल्यांचं रोजचं काम ठरतं ते असं.

आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस, म्हणजे उलट परासरण) यंत्र हीच वाहती दिशा जोर लावून उलटी फिरवतं. खारट बाजूवर परासरणाच्या ओढीपेक्षा जास्त दाब दिला की पाणी क्षार मागे ठेवून गोड बाजूला येतं. समुद्राच्या पाण्याची ही ओढ हवेच्या दाबाच्या सुमारे सत्तावीस पट भरते. तत्त्व माहीत होतं, पण तेवढा दाब सोसून भरपूर पाणी सोडणारा पडदा कुणाकडे नव्हता. तो १९५९ च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटपासून बनवला. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा गावात त्यावर मचूळ पाणी गोड करणारा पहिला व्यावसायिक प्रकल्प उभा राहिला. आज घरोघरी असते ती पुढची पिढी, पॉलिअमाइडची. तिचा खरा काम करणारा थर केसाच्या काही सहस्रांश जाडीचा असतो. हा पडदा भोकं पाडलेल्या नळीभोवती सुरळीच्या वडीसारखा गुंडाळून वीतभराहून थोड्या लांब नळकांड्यात बसवतात. त्यालाच मिस्त्री ‘मेंब्रेन’ म्हणतात.

इतकं अद्भुत यंत्र आहे म्हणून ते प्रत्येक फिशटँकला हवंच, असं मुळीच नाही. आधी नळ तपासा. दोन-तीनशे रुपयांपासून मिळणारा टीडीएस मीटर पाण्यात बुडवला की विरघळलेल्या क्षारांचा अंदाजे आकडा दाखवतो. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसाचं पावसाचं साठवलेलं पाणी येतं. ते मुळातच हलकं असतं, आणि गप्पी, मोली, गोल्डफिशसाठी त्यातलं क्लोरीन अँटी-क्लोरीनच्या थेंबांनी घालवलं की भागतं. बोअरच्या पाण्याची गोष्ट वेगळी. साबणाला फेस नाही, डाळ शिजत नाही, बादलीला पांढरा थर, अशा घरांत मीटर पाचशेच्या वर सहज जातो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाने ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर ही स्वीकारार्ह मर्यादा ठरवली आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत सूट. पण हा हिशोब माणसाचा आहे. आफ्रिकेच्या टांगानिका सरोवरातल्या सिक्लिडला जड, अल्कधर्मी पाणीच मानवतं. त्याच्यासाठी आरओ घेणं म्हणजे पैसे मोजून त्रास विकत घेणं. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला डिस्कस किंवा कार्डिनल टेट्रा जवळजवळ क्षाररहित पाण्यातून आलेला. तो जड पाण्यात जगेलही, पण त्याची अंडी तिथे सहसा फळत नाहीत. आणि प्रवाळांची समुद्री टाकी असेल तर प्रश्नच नाही : मीठ आपण मोजून घालणार, तेव्हा मूळ पाणी कोरंच हवं.

सोसायटीत सॉफ्टनर आहे, मग आरओ कशाला, असं बरेच जण विचारतात. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम देतो. बादली पांढरी होत नाही, पण टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. मेंब्रेनला मात्र असं पाणी सोसतं.

स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या आरओचं पाणी टाकीला चालेल का? चालेल, पण मेंब्रेनमधून निघालेलं तसंच घ्यावं. पुढे बसवलेला टीडीएस कंट्रोलर कच्चं पाणी परत मिसळतो, मिनरल कार्ट्रिज आपले क्षार घालतं. हल्ली तर तांब्याचं कार्ट्रिज मोठ्या कौतुकाने विकतात. तांब्याच्या भांड्यातलं पाणी माणसाला प्रिय, पण कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांना तांबं अगदी थोडंसुद्धा विषारी ठरतं.

क्षमतेच्या आकड्यांना भुलू नये. ७५ गॅलनचं मेंब्रेन म्हणजे दिवसाला सुमारे २८४ लिटर, तासाला बाराच्या आसपास. शंभर लिटरच्या टाकीचं आठवड्याला पाव पाणी बदलायचं तर २५ लिटर, म्हणजे दोन-सव्वादोन तासांचं काम. दुकानदार त्याहून मोठं यंत्र सुचवत असेल तर तो स्वतःच्या सोयीचं बोलतोय. मात्र हा आकडा २५ अंश तापमान आणि पुरेशा दाबाचा असतो. पाणी पंधरा अंशांवर आलं की सुमारे पाव भाग उत्पादन घटतं. गच्चीवरची टाकी दहा मीटर उंच असली तरी एक बारच दाब मिळतो, आणि मेंब्रेनला साडेतीन-चार बार लागतो. बूस्टर पंप त्यासाठीच.

निगराणीत खरी मेख पडद्याच्या आधी आहे. पहिला स्पन फिल्टर गाळ अडवतो, दुसरा कार्बन क्लोरीन अडवतो. पॉलिअमाइडला क्लोरीन अजिबात सोसत नाही, त्यामुळे स्वस्तातला कार्बन बदलायचा कंटाळा केला तर महागडं मेंब्रेन हकनाक जातं. दोन्ही सहा महिने ते वर्षात बदलावेत, स्पन काळा पडला तर आधीच. मेंब्रेन स्वच्छ पाण्यावर दोन-तीन वर्षं टिकतं, पण त्याचा निकाल दिनदर्शिकेने नव्हे, मीटरने लावावा. आत ६०० आणि बाहेर १८ म्हणजे ९७ टक्के क्षार अडले, उत्तम. बाहेर ६० च्या वर जायला लागलं की बदलायची वेळ झाली. ही तपासणी यंत्र सुरू केल्याबरोबर करू नये. यंत्र बंद असताना क्षार हळूहळू पडद्यापलीकडे झिरपतात, म्हणून पहिल्या काही मिनिटांचं पाणी वाईटच असतं. ते टाकीत न घालता सोडून द्यावं. एकदा भिजलेलं मेंब्रेन सुकू देऊ नये, एवढं गावी जाण्याआधी लक्षात असावं. प्रवाळवाले शेवटी उरलेसुरले क्षार टिपणारं, रंग बदलणारं डीआय रेझिन लावून आकडा शून्यावर आणतात.

कोरं पाणी गोड्या पाण्याच्या टाकीत तसंच ओतणं ही नवशिक्याची हमखास चूक. त्यात आम्लता सावरून धरणारे कार्बोनेट नसतात, त्यामुळे पीएच अचानक कोसळू शकतो. एक भाग ६०० चं नळाचं आणि तीन भाग २० चं आरओ पाणी मिसळलं की १६५ च्या आसपास येतं. किंवा माशांसाठीचे तयार क्षार मोजून घालावेत. बाष्पीभवनाने कमी झालेली पातळी मात्र कोऱ्या पाण्यानेच भरावी, कारण उडून जातं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात.

राहिलं वेस्टचं पाणी. लिटरभर आरओ पाण्यामागे साधारण तीन लिटर बाहेर जातं. ते वाचवायला काही जण ती नळी आवळतात. मग क्षार पडद्यावरच बसतात आणि काही महिन्यांत मेंब्रेन बंद पडतं. त्यापेक्षा ते बादलीत धरून फरशी पुसायला, संडासात ओतायला वापरा. ६०० चं पाणी आत गेलं तर ते सुमारे ८०० चं होऊन बाहेर येतं, म्हणून कुंड्यांना रोज घालू नका. तुळशीला द्यायचं ते गोड्या पाण्याच्या टाकीतून बदलून काढलेलं जुनं पाणी. त्यात माशांचं खत असतं.