कुवेतची ई-वन, अमेरिकेची टी-वन

कुवेतहून मुंबईला लावलेला फोन आणि कुवेतहून न्यूयॉर्कला लावलेला फोन यांत बोलणाऱ्याला काही फरक जाणवत नाही. परंतु डिजिटल एक्स्चेंजांच्या जाळ्यात दुसऱ्या फोनच्या वाटेवर एक रूपांतर करावे लागते, जे पहिल्याला लागत नाही. कारण कुवेत आणि भारत या दोन्ही देशांनी युरोपीय वळणाची ई-वन लाइन स्वीकारली, तर अमेरिका आणि कॅनडा 1962 मध्ये बेल कंपनीने सेवेत आणलेल्या टी-वन लाइनवरच राहिले.

दोन्ही पद्धतींचा पाया एकच आहे. आवाज सेकंदाला 8,000 वेळा मोजला जातो, प्रत्येक मोजमाप 8 बिटांत लिहिले जाते आणि एका संभाषणाला सेकंदाला 64,000 बिट लागतात. भेद आहे तो अशी संभाषणे एका लाइनवर बसवण्याच्या रीतीत. टी-वनमध्ये 24 संभाषणांच्या प्रत्येक फेरीला, म्हणजे फ्रेमला, आरंभ ओळखण्यासाठी एक जादा बिट जोडला जातो आणि वेग सेकंदाला 15,44,000 बिट होतो. ई-वनमध्ये 32 कप्पे असतात. शून्याव्या कप्प्यात फ्रेमची खूण, सोळाव्यात फोन लागणे-तुटणे यांचे संकेत आणि उरलेल्या तिसांत बोलणे जाते, त्यामुळे वेग 20,48,000 बिट होतो. पाच टी-वन आणि चार ई-वन यांत नेमकी 120 संभाषणे मावत असल्यामुळे रूपांतर करणारे यंत्र कप्प्यांची फेरमांडणी बिनदिक्कत करू शकते.

खरी अडचण कप्प्याच्या आत आहे. हळू आवाजाचे बारकावे टिकावेत म्हणून लहान मोजमापे दाट आणि मोठी विरळ पायऱ्यांवर बसवली जातात. त्यासाठी युरोपने ए-लॉ, तर अमेरिकेने म्यू-लॉ हा नियम घेतला, आणि 1972 च्या जी.711 या शिफारशीत दोन्हींना मान्यता मिळाली. एकाचे बिट दुसऱ्याच्या नियमाने वाचले, तर बोलणे कर्कश आणि विद्रूप ऐकू येते. म्हणून बिट बदलावे लागतात, आणि आंतरराष्ट्रीय संकेत असा की हे काम म्यू-लॉ वापरणाऱ्या देशाने करावे; कुवेतहून निघालेला ए-लॉ आवाज अमेरिकेच्या बाजूला बदलला जातो. जगातील बहुसंख्य देश ए-लॉचे असल्याने ही वाटणी न्याय्यच म्हणावी लागेल.

मात्र हाच उपाय संगणकाच्या माहितीला घातक ठरतो: कप्प्यात आवाजाऐवजी शुद्ध डिजिटल माहिती असेल, तर रूपांतराचा तक्ता तिचे बिटच पालटून टाकतो, म्हणून अशा कॉलसाठी रूपांतर बंद ठेवावे लागते. टी-वनच्या जुन्या संकेतरीतीत तर प्रत्येक सहाव्या फ्रेममधील आठवा बिट संकेतासाठी उचलला जातो. कानाला ते कळत नाही, पण त्या कप्प्यात माहितीसाठी 56,000 बिटांचाच भरवसा धरता येतो.

कुवेतमध्ये स्थिर दूरध्वनीचे जाळे दळणवळण मंत्रालयाकडे आहे, तर 1991 नंतर अमेरिकी सैन्याचे तळही या देशात आले. अशा तळावरचे अमेरिकी बनावटीचे, केवळ टी-वन ओळखणारे खासगी एक्स्चेंज कुवेतच्या ई-वनला जोडायचे झाल्यास रूपांतर देशातच करावे लागते, आणि 30 पैकी 24 हून अधिक संभाषणे एका टी-वनवर पलीकडे जात नाहीत. दोन्ही बाजूंची घड्याळे जुळली नाहीत, तर मधूनच एक फ्रेम गळते किंवा दोनदा येते. बोलण्यात तेवढी टिचकी ऐकू येते, फॅक्सच्या कागदावर मात्र ओळ बिघडते.

इंटरनेटवरील फोनमध्ये ई-वन आणि टी-वनचे कप्पे उरलेले नाहीत, पण दोन नियम टिकून आहेत: आवाजाच्या पाकिटावर म्यू-लॉसाठी 0 आणि ए-लॉसाठी 8 हा क्रमांक आजही लिहिला जातो.