पारंपरिक धनुर्विद्येसाठी हस्तनिर्मित रिकर्व्ह धनुष्याची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :

धनुष्य हे मानवाच्या प्राचीन साधनांपैकी एक महत्त्वाचे साधन होय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग या द्रव्यांपासून बनविलेल्या धनुष्यांचा उल्लेख आढळतो. महाराष्ट्रातील भिल्ल समाजाचा तिरकमठा सर्वपरिचित आहे. १९७२ साली धनुर्विद्येचा ऑलिम्पिकमध्ये पुन्हा समावेश झाला. तेथे वापरल्या जाणाऱ्या रिकर्व्ह धनुष्यास नेम साधण्याचे दर्शक व तोल राखणारे दांडे जोडलेले असतात. पारंपरिक धनुर्विद्येत मात्र अशी साधने वर्ज्य मानली जातात. धनुर्धराचे शरीर आणि धनुष्य यांचा मेळ हाच तेथे अचूकतेचा आधार ठरतो. म्हणूनच अनेक धनुर्धर स्वतःच्या मापाचे धनुष्य कारागिराकडून घडवून घेतात. असे धनुष्य खर्चिक असते, त्यासाठी बराच काळ थांबावे लागते आणि एकदा घडल्यावर त्यात फारसा बदल करता येत नाही. त्यामुळे मागणी नोंदविण्यापूर्वी कोणता विचार करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रिकर्व्ह धनुष्याची रचना :

या धनुष्याच्या पात्यांची टोके धनुर्धरापासून दूर, पुढच्या दिशेने वळलेली असतात. दोरी चढविली असता ती टोकांजवळ पात्यांना टेकते आणि ओढताना हळूहळू सुटी होते. त्यामुळे ओढ अखेरपर्यंत सहज राहते व त्याच वजनाच्या सरळ पात्यांच्या धनुष्यापेक्षा सामान्यतः अधिक ऊर्जा साठविली जाते. आधुनिक हस्तनिर्मित धनुष्यात मेपल किंवा बांबूच्या पातळ पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंस फायबरग्लास चिकटविलेले असते. शिंग व स्नायुतंतूंपासून बनविलेले धनुष्य दमट हवेत शिथिल होते. कोरियात असे धनुष्य उबदार, कोरड्या पेटीत ठेवण्याची पद्धत आहे. कोकणासारख्या दमट प्रदेशात फायबरग्लासचे धनुष्य अधिक सोयीचे ठरते. मात्र उन्हात बंद मोटारीत ठेवल्यास त्याचेही सांधे सुटू शकतात.

ओढीची लांबी व वजन :

निवडीतील सर्वांत मोठी चूक वजनाच्या बाबतीत होते. धनुष्यावर लिहिलेले वजन सामान्यतः २८ इंच ओढीवर मोजलेले असते. प्रत्येक धनुर्धराची ओढ तेवढी नसते. दोन्ही हात पसरून मोजलेल्या लांबीस २.५ ने भागल्यास ओढीचा स्थूल अंदाज येतो. ही लांबी १६५ सें.मी. असल्यास ओढ सुमारे २६ इंच येते. ओढीतील प्रत्येक इंचामागे वजनात साधारण २ ते ३ पौंडांचा फरक पडतो. म्हणजे ४० पौंडांचे धनुष्य २६ इंच ओढीच्या धनुर्धरास सुमारे ३५ पौंडांचे, तर ३० इंच ओढीच्या धनुर्धरास सुमारे ४५ पौंडांचे जाणवेल. म्हणूनच कारागिरास केवळ वजन न सांगता 'माझ्या इतक्या इंच ओढीवर इतके पौंड' असे सांगणे आवश्यक आहे.

अधिक वजन म्हणजे अधिक सामर्थ्य, हा समज घातक आहे. न पेलणारे धनुष्य पूर्ण ओढले जात नाही, बाण घाईने सुटतो आणि ती सवय पुढे मोडणे कठीण जाते. खांद्याच्या स्नायूंना इजा होण्याचा धोका वेगळाच. पूर्ण ओढीवर हात न थरथरता काही सेकंद स्थिर राहतो, तेच वजन योग्य समजावे. नवशिक्या प्रौढास सामान्यतः २५ ते ३५ पौंड पुरेसे होतात. सामर्थ्य वाढण्याची अपेक्षा असल्यास अखंड धनुष्याऐवजी पाती सुटी होणारे धनुष्य घ्यावे. पुढे केवळ पाती बदलून वजन वाढविता येते.

इतर विचारणीय बाबी :

धनुष्य आखूड असल्यास पूर्ण ओढीवर दोरीचा कोन तीव्र होऊन बोटे चिमटली जातात. ओढ लांब असणाऱ्याने लांब धनुष्य निवडावे. बोटांच्या ठेवणीचाही परिणाम होतो. काही धनुर्धर एक बोट बाणाच्या वर व दोन खाली ठेवतात, तर काही तिन्ही बोटे खाली ठेवतात. त्यानुसार वरच्या व खालच्या पात्याच्या ताकदीचे संतुलन कारागिरास साधावे लागते. मुठीचा आकार तळहाताच्या मापावरून ठरतो. डावे की उजवे धनुष्य हे ठरविताना प्रबळ डोळा कोणता, हेही तपासावे.

बाणाचा विचारही याच वेळी व्हावा. फार हलका बाण धनुष्याची ऊर्जा पुरेशी घेऊन जात नाही व उरलेला धक्का पात्यांना बसतो. अनेक कारागीर प्रत्येक पौंडास किमान ८ ते १० ग्रेन वजनाचा बाण सुचवितात. ४० पौंडांच्या ओढीस ९ ग्रेन धरल्यास हे वजन ३६० ग्रेन, म्हणजे सुमारे २३ ग्रॅम होते. दोरीचा धागाही कारागिराने सांगितलेलाच वापरावा. न ताणणाऱ्या आधुनिक धाग्याने, टोके मजबूत केलेली नसल्यास, पाती फुटू शकतात.

निष्कर्ष :

१. धनुष्याचे वजन धनुर्धराच्या प्रत्यक्ष ओढीवर ठरवावे.
२. लाकडाच्या सौंदर्यापेक्षा माप, तोल आणि मूठ यांना प्राधान्य द्यावे.
३. मागणीपूर्वी त्याच लांबीच्या व वजनाच्या धनुष्यावर काही आठवडे सराव करावा.

सारांश, हस्तनिर्मित धनुष्याचे मोल कारागिराच्या कौशल्याइतकेच धनुर्धराने स्वतःविषयी दिलेल्या प्रामाणिक माहितीवर अवलंबून असते. जे धनुष्य दिवसाच्या अखेरच्या बाणालाही पहिल्या बाणाइतक्याच शांतपणे ओढता येते, तेच त्या धनुर्धराचे धनुष्य होय.