कसं कळतं? : ताप कोणत्या गल्लीत वाढतोय

पाऊस लागला की भिलाई-जामुलमध्ये कूलर बंद होतात, टाकीतलं पाणी मात्र तसंच राहतं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास तिथे अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडू लागते. २०१८च्या पावसाळ्यात खुर्सीपार भागासह भिलाईने डेंग्यूचा मोठा उद्रेक सोसला. अशी साथ वेळीच ओळखणं हे शहराच्या आरोग्य विभागातल्या डेटा ॲनालिस्टचं काम.

देशात २००४पासून चालणाऱ्या रोगसर्वेक्षणात आरोग्यसेविका, डॉक्टर आणि प्रयोगशाळा अशा तिघांकडून नोंदी येतात. त्यामुळे एकच रुग्ण तीनदा मोजला जाऊ शकतो. आधी या दुबार नोंदी काढायच्या; माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम हेच. मग हा आठवडा मागच्या वर्षांच्या त्याच आठवड्याशी ताडायचा. नेहमीच्या चढउताराच्या वर आकडा गेला की इशारा.

नकाशावर ठिपका दवाखान्याचा नको, रुग्णाच्या घराचा हवा, कारण एडिस सहसा काहीशे मीटरच फिरतो. ठिपके दाटले त्या गल्लीत पथक दर १०० घरांमागे किती घरांत अळ्या आहेत ते मोजतं. तिथे धूर फवारला तरी फक्त उडते डास मरतात. अंडी टाकीच्या कोरड्या भिंतीवरही महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून पाणी ओतून टाकल्यावर टाकी घासावीही लागते.