मीटरचीच परीक्षा

विहिरीवरील मोटर बंद पडली म्हणजे आम्ही प्रथम मल्टिमीटर काढतों. परंतु तें मीटरच बिघडलेलें असेल तर? तारेंत वीज असून मीटर शून्य दाखवील, तर त्या शून्यावर विसंबणारा प्राणास मुकेल. याकरितां आधीं चालू सॉकेटावर २३० व्होल्टांच्या आसपास आकडा येतो कीं नाहीं तें पाहावें, मग स्टार्टर तपासावा, व पुन्हां सॉकेटावर खात्री करावी.

दोष बहुधा वायरींतच असतो. ओहमच्या रेंजवर दोन्ही टोकें जुळविलीं असतां आकडा शून्याजवळ यावा. वायर हालवितांना तो उड्या मारूं लागल्यास ती आंतून तुटली समजावें. ९ व्होल्टांची बॅटरी उतरली असतां कित्येक स्वस्त मीटरें खऱ्याहून जास्त व्होल्ट दाखवितात. करंटच मोजला जात नसेल, तर वायरी उपटून मगच पाठ उघडावी व जळालेला फ्यूज काढून त्याच मापाचा व जातीचा घालावा. तांब्याची तार गुंडाळण्याची आपल्याकडील हौस येथें नको.